देवरे साहेबांचा पाळणा

माझ्या घरच्या सत्यनारायणाला देवरे साहेबांनी प्रसादाचा द्रोण हातात घेतला, भक्तिभावाने डोळ्यांना लावला आणि शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात वस्तूची जाडी मोजायचं, सरकत्या जबड्याचं पोलादी हत्यार. लोकांच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, फार तर तंबाखूची पुडी असते. साहेबांच्या खिशात हे असतं. त्यांनी आधी स्वतःची शिऱ्याची मूद मोजली, मग माझी, मग गुरुजींची.

"वहिनी, मुदी एकाच वाटीनं पाडल्यात ना?"

"हो," बायको म्हणाली.

"मग गुरुजींची पाच मिलिमीटरनं जाड कशी? मटेरियल उत्तम आहे, फिनिशिंग मार खातं. प्रसाद आहे म्हणून सोडतो. नाहीतर रिजेक्ट!"

एवढं बोलून त्यांनी सगळा शिरा संपवला आणि आणखी मागून घेतला. बायको त्यानंतर आजतागायत त्यांच्या घरी वाटी पाठवली की वरून चमच्याने सपाट करून पाठवते.

साहेब माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या घरातले. वडील म्हणे ढिगातला कांदा नुसता हातात धरून आतून सडका आहे की नाही ते सांगायचे. मुलाने तोच गुण सातपूरच्या कारखान्यात नेला. इंजिनात बसणारे लहान लहान पार्ट तपासायचे, बरे असतील ते पुढे पाठवायचे आणि वाईट असतील ते लाल डब्यात टाकायचे, ही त्यांची जन्मभराची नोकरी. कारखान्याने त्यांना हारतुरे देऊन निवृत्त केलं. लाल डबा मात्र ते मनातल्या मनात घरी घेऊन आले.

मिसळ खायला गेले की ते आधी पाव उलटा करून बघतात. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की भेंडीवर गोणपाट टाकते. एका वर्षी सोसायटीच्या गणपतीची मूर्ती आणायला आम्ही त्यांना बरोबर नेलं, ही माझी चूक. गणपतीच्या दोन डोळ्यांची पातळी एक नाही, असं त्यांनी भर दुकानात जाहीर केलं. मूर्तिकार म्हणाला, "साहेब, देव आहे तो." साहेब म्हणाले, "म्हणून तर!" शेवटी आम्ही दुसरी मूर्ती घेतली. तिच्या उंदराला साहेबांनी नापास केलं, पण तोवर ढोलवाले आले होते.

मी स्वतः 'चालतंय' या पंथाचा माणूस. नळ गळतोय? चालतंय. लिफ्ट मधेच थांबते? जिने आहेत की. या स्वभावामुळेच, ज्या मीटिंगला मी गेलो नव्हतो त्या मीटिंगमध्ये मला सोसायटीचा सेक्रेटरी करण्यात आलं. साहेबांना माझा हा शब्द अजिबात खपत नाही. "'चालतंय' म्हणजेच चालत नाही," असं ते मला जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा तर स्मशानातही म्हणाले आहेत.

पण माणूस न्यायाचा. कारण दिल्याशिवाय ते काही नाकारत नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता लग्नाची झाली तेव्हा स्थळं यायला लागली आणि साहेबांनी प्रत्येकाला सकारण बाद केलं. एकाच्या डाव्या बुटाची टाच उजवीपेक्षा जास्त झिजलेली होती, म्हणजे माणूस एका बाजूला कलतो. एकजण चहा पिताना बशी टेबलाच्या कडेवर ठेवायचा. एकाचं सगळं ठीक होतं, त्यावरच साहेबांचा संशय बसला. "काही ना काही डिफेक्ट असतोच. दिसत नाही म्हणजे लपवलेला आहे." प्राजू या सगळ्यावर खो खो हसायची आणि आमच्याकडे येऊन बायकोला नकला करून दाखवायची.

मग प्राजूने स्वतःच एक मुलगा आणला. सुनील. इगतपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा, भातशेती करणाऱ्या घरातला, रेल्वेत टेक्निशियन. पोरगा सरळ, बोलायला गोड, बुटाच्या टाचा सारख्या. साहेबांनी त्याला चहा पाजला, गेटपर्यंत सोडायला खाली आले आणि वर जाऊन मुलीला म्हणाले, "रिजेक्ट."

"कारण?" तिने विचारलं.

साहेबांनी कारण दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दिलं नाही. कारण सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. मुलगा आपल्यातला नव्हता, डोंगरातला होता. पण आपल्याकडे असली कारणं तोंडाने म्हणायची पद्धत राहिलेली नाही. शिकलेल्या घरात ती नुसती पाळायची असतात. सोसायटीतल्या झाडून सगळ्या सुधारकांनी तेव्हा त्यांना जिन्यात गाठून "तुमचं बरोबर आहे साहेब" असं हळू आवाजात सांगितलं, आणि सेक्रेटरी या नात्याने मीही "बघा बुवा" असं काहीतरी म्हणालोच.

प्राजूने सुनीलशी लग्न केलं. साहेब लग्नाला गेले नाहीत आणि बायकोला, आमच्या शोभाकाकूंनाही, जाऊ दिलं नाही. त्यानंतर प्राजू माहेरी आली नाही.

एका सकाळी पार्किंगमधून करवतीचा आवाज यायला लागला. पाठोपाठ ग्रुपवर तक्रारी. "पार्किंगमध्ये फॅक्टरी निघाली आहे का? सेक्रेटरींनी खुलासा करावा." या बी विंगच्या पाटणकर वहिनी. रोज पहाटे आम्हाला गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवणाऱ्या, आणि उरलेल्या दिवसात सोसायटीवर नजर ठेवणाऱ्या. मी खाली गेलो. साहेब हाफ पँट आणि कारखान्याचे जुने बूट घालून एका सागवानी फळीवर वाकले होते. शेजारी मोबाइलवर कुठलासा गोरा माणूस इंग्रजीतून पाळणा कसा करायचा ते दाखवत होता.

"साहेब, हे काय?"

"पाळणा."

"कोणासाठी?"

साहेबांनी करवत थांबवली. "सोसायटीचा एक पाळणा असावा. केव्हाही कोणालाही लागू शकतो."

आमच्या सोसायटीत सगळ्यात तरुण जोडपं म्हणजे आम्ही. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे.

खरं कारण संध्याकाळी बायकोकडून कळलं. प्राजूला दिवस गेले होते. काकू रोज दुपारी गॅलरीत जाऊन लेकीशी चोरून फोनवर बोलायच्या. साहेबांना काही कळत नाही असा त्यांचा समज होता. पण फोन वाजला की आत बातम्यांचा आवाज बंद व्हायचा, आणि काकू आत आल्या की पुन्हा सुरू व्हायचा. हे आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. काकूंना मात्र ते कधी जाणवलं नाही.

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं ना हो," काकू माझ्या बायकोला सांगत होत्या. "मी तिला म्हटलं, ये. ती म्हणते, बाबांनी बोलावलं तर येईन. यांना म्हटलं, बोलवा. हे म्हणतात, मी कुठं अडवलंय? दोघं एकाच साच्यातनं काढलेत. मधे मी मेले!"

तर साहेबांना बोलावता येत नव्हतं म्हणून ते पाळणा करत होते. पाळणा आजोळचा असतो, ही आपल्याकडची रीत. तेवढी एकच फट त्यांना सापडली होती आणि तिच्यातून त्यांना लेकीपर्यंत पोचायचं होतं.

आता गंमत बघा. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासल्या, स्वतःच्या हाताने मात्र कधी खिळासुद्धा ठोकला नव्हता. आता करणारे तेच आणि तपासणारेही तेच. पहिला खांब झाला. त्यांनी व्हर्निअर लावला, चष्मा वर केला, खाली केला आणि स्वतःच्याच अंगावर ओरडले, "रिजेक्ट!" दुसरा खांब पहिल्यापेक्षा बरा झाला, म्हणजे पहिल्याशी जुळेना. तोही गेला. उन्हाळाभर आमच्या पार्किंगमध्ये हाच खेळ. द्वारकेपलीकडच्या वखारीतून लाकूड यायचं, त्याचा भुसा व्हायचा आणि उरलेलं बाद व्हायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, बाळाला काय कळणार आहे? चालतंय." त्यांनी रंधा खाली ठेवला. इतक्या दुखावलेल्या नजरेने मला आजवर फक्त बायकोने पाहिलं आहे.

बाद झालेल्या लाकडाने मात्र सोसायटी सजली. खांबांचे स्टंप झाले. पाळण्याच्या बाजूचे गज कोणी तरी मनीप्लँटला लावले. वॉचमनला स्टूल मिळालं. आमचा मिक्सर आज ज्या फळीवर आहे ती फळी म्हणजे एका नापास पाळण्याचा तळ आहे. पाटणकर वहिनींनीही तक्रार मागे घेऊन चपलांचा स्टँड नेला, आणि 'ज्येष्ठांची कला' म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

आषाढात पाळणा पूर्ण झाला. खोटं कशाला बोलू, देखणा झाला होता. दोन खांब, वर आडवी दांडी, मधे खुंट्यांवर झुलणारा पाळणा. कुठे टोक नाही, कुठे कुसळ नाही. हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखं वाटायचं. खुंटी आणि भोक यांच्यात तर केस शिरणार नाही इतकं नेमकं बसवलेलं. "झिरो प्ले," साहेब म्हणाले, म्हणजे हलायला नावालाही मोकळी जागा नाही. पाळणा त्यांनी वर हॉलमध्ये नेला आणि काकूंना म्हणाले, "आता लोड टेस्ट."

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. एरवी त्या पुस्तकात छापावं असं मराठी बोलतात. पण चिडल्या की थेट देवळ्याला पोचतात.

"तुमले काही समजस का नही? रिकामा पाळणा हलवतात का कधी? अपशकुन!"

"मग टेस्ट न करता पाठवू? वजन टाकल्याशिवाय पास कसा करू?"

वाद चिघळला. शेवटी काकूंनीच तोड काढली. बारशाला आपण काय करतो? वरवंट्याला टोपडं घालून, त्याला गोप्या म्हणून, आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवतो आणि मग बाळाला घालतो. तेव्हा पाळण्यात वरवंटा घाला. म्हणजे पाळणा रिकामा नाही, आणि तुमचं वजनही झालं. साहेबांना हे पटलं. आपल्या पूर्वजांनी बारशात लोड टेस्ट घालून ठेवली आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पण वरवंटा आणायचा कुठून? मिक्सरच्या जमान्यात आख्ख्या सोसायटीत तो एकाच घरी होता, आमच्या. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही त्याला दाराशी आडवा टाकलेला. साहेबांनी तो नेला, काट्यावर तोलला आणि म्हणाले, "सव्वातीन किलो. नुकतं जन्मलेलं बाळ एवढंच असतं." काकूंनी त्याला आंघोळ घातली, पुसलं, आणि पेटीतून एक जुनं लालबुंद टोपडं काढून घातलं. ते प्राजूचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोसायटीच्या पाणीपट्टीबद्दल विचारायला गेलो तर दार उघडं होतं. काकू पलंगावर कलंडल्या होत्या. साहेब जमिनीवर बसून दोरी ओढत होते. पाळणा आवाज न करता झुलत होता. टेस्ट चालू आहे म्हणून मी दारातच थांबलो. साहेब हळूहळू वरवंट्याशी बोलत होते.

"तुझ्या आईला असंच टोपडं आवडायचं नाही. ओढून काढायची. फार हट्टी. माझ्यावर गेली आहे... झोप आता."

मी तसाच पाय न वाजवता मागे फिरलो. पाणीपट्टी काही पळून जात नव्हती.

मी मागे फिरलो, पण पाटणकर वहिनी मागे फिरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या चपलांच्या स्टँडचे आभार मानायला आल्या होत्या. त्यांना दारातून काय दिसलं? पाळणा, पाळण्यातून डोकावणारं लाल टोपडं, आणि गहिवरलेले आजोबा. त्यांनी फोटो काढला. घरी पोचायच्या आत ग्रुपवर टाकला. "देवरे काकांकडे पाळणा हलला! आजी-आजोबांचं हार्दिक अभिनंदन! आम्हाला न सांगता? पेढे हवेत!"

मग जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. संध्याकाळपर्यंत वरवंट्यावर शुभेच्छांचा पाऊस पडला. कोणी फुगे पाठवले, कोणी लड्डूगोपाळ. ए विंगचे जोशी म्हणाले, "चेहरा अगदी आजोबांवर गेला आहे, करारी." दुसऱ्या कोणी तरी कान देवऱ्यांचेच आहेत असं म्हटलं. जन्मवेळ पाठवा, पत्रिका करून देतो, असा एक निरोप आला. ज्यांनी लग्नाच्या वेळी जिन्यात गाठून "तुमचं बरोबर आहे" म्हटलं होतं, ते सगळे आता "शेवटी आपलं रक्त ते आपलं" असं लिहीत होते. मी सेक्रेटरी म्हणून "तो वरवंटा आहे, कृपया नोंद घ्यावी" असा खुलासा टाकला, तर त्यालाही लोकांनी हात जोडलेले आणि अंगठे वर केलेले पाठवले. वाचतो कोण?

मी साहेबांना सावध करायला गेलो. त्यांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर प्राजूचं नाव. कोणीतरी तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने फोटो इगतपुरीला पोचवला होता. काकूंच्या फोनवर नाही, साहेबांच्या फोनवर लेकीचा फोन येण्याची इतक्या काळातली ही पहिलीच वेळ. साहेब ताडकन उभे राहिले. कारखान्यात मोठे साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे.

"हं," ते म्हणाले. "हं... नाही नाही, वरवंटा आहे तो... वरवंटा... यांच्याकडचा... सागवानी... विकतचा नाही. मी केलाय."

मग पलीकडून तिने काही विचारलं असावं. काकू पलंगावर उठून बसल्या होत्या. साहेबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"हॅलो? हॅलो? रेंज नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःच फोन बंद केला. रेंज चांगली होती. आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत राहिलो.

"तिनं विचारलं, पाळणा कोणासाठी," साहेब म्हणाले. "एवढं साधं विचारलं. तेही मला सांगता आलं नाही." आणि हा कडक माणूस आमच्यादेखत लहान मुलासारखा रडला. मी इतका गोंधळलो की त्यांच्या पाठीवर हात ठेवण्याऐवजी वरवंटा उचलून घरी घेऊन आलो.

सकाळी दारावर थाप. "तुमच्या ओळखीचा टेम्पो आहे ना?" साहेब इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. मागे काकू, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मी टेम्पोवाल्याला फोन लावला. टेम्पोत पुढे ते दोघं, आणि मागे ताडपत्रीखाली, केबिनच्या उघड्या खिडकीपाशी, पाळण्याला धरून मी. घोटीच्या पुढे पाऊस असा लागला की समोरचा रस्ता दिसेना. ड्रायव्हरने पाड्यावर जायची वाट विचारायला काच खाली केली, तेव्हा काकू पटकन बोलून गेल्या, "पुढनं डावीकडं, मारुतीपाशी."

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. काकू अधूनमधून भजनी मंडळाबरोबर त्र्यंबकला जायच्या. ते त्र्यंबक म्हणजे हे होतं.

"मला माहीत होतं," साहेब म्हणाले. "चपलेला लागलेली माती त्र्यंबकची नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझं जाणं बंद करावं लागलं असतं."

घर कौलारू, ओटा शेणाने सारवलेला. सुनील ड्युटीवरून येऊन नुकताच बसला होता, तो धावत आला आणि माझ्याबरोबर पाळणा उचलू लागला. त्याची आई दारात आली. ठेंगणी, नऊवारी, पदर कमरेला खोचलेला. "या, या, आत या. भिजू नगा. ताई, अवो छत्री तरी आणायची." आणि तिच्यामागे प्राजू. पोट पुढे आलेलं, चेहरा फिकट. ती बापाकडे बघत होती, बाप भिंतीकडे. भिंत ओळंब्यात नव्हती, थोडी कलली होती. मला धडकी भरली. पण साहेब काही बोलले नाहीत.

पाळणा घरात उभा केला. सगळे भोवती जमले. साहेबांनी लाडवांचा डबा त्यात ठेवला आणि दोरी ओढली. पाळणा हललाच नाही. पुन्हा ओढली. ढिम्म. वाटेत ताडपत्रीखाली आणि इगतपुरीच्या ओल्या हवेत लाकूड फुगलं होतं आणि केस शिरणार नाही अशी बसवलेली ती खुंटी आता कोणाच्याही बापाला हलत नव्हती. साहेबांचा चेहरा पार उतरला. जन्मभरात केलेली एकच वस्तू, ज्याला नापास केलं त्याच्याच घरात, त्याच्याच समोर.

सुनील म्हणाला, "बाबा, इथं असंच असतं. आमची दारंपण चार महिने लागत नाहीत. दिवाळीला ऊन पडलं की आपोआप मोकळं होतं सगळं."

"अन् तवर ही हाय की," त्याच्या आईने वर बोट केलं. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तयार होती. "माझी चारी पोरं हिच्यातच निजली. तुमचा पाळणा लय ग्वाड हाय. दिवाळीला घालू त्यात."

"दिवाळीला चालेल," साहेब म्हणाले. मी कान टवकारले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

म्हातारीने ताटं मांडली. गरम भात, नाचणीची भाकरी, उडदाची आमटी. सुनील बसला, मी बसलो. साहेबांसमोर ताट ठेवलं तशी प्राजू पहिल्यांदा बोलली.

"त्यांना नका वाढू आई. ते जेवणार नाहीत. त्यांच्यात बाळ होईपर्यंत मुलीच्या घरचं खात नाहीत."

"व्हय, ताई बी नुस्ता च्याच घेत्यात," म्हातारी म्हणाली आणि ताट उचलायला वाकली.

साहेबांनी ताटावर हात ठेवला.

"तो नियम कन्यादान केलेल्या बापासाठी आहे," ते म्हणाले. "दान दिल्यावर परत घ्यायचं नाही, म्हणून. मी कुठं दिलं? मी तर लग्नालाच आलो नाही." त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. "सुनीलमध्ये काही खोट नव्हती. म्हणून तर कारण देता आलं नाही. तुला घरी ये म्हणायला माझं तोंड राहिलेलं नाही, प्राजू. मलाच येऊ देत जा. वाढ आता, भूक लागली आहे मला."

बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. सुनीलने मान खाली घालून उगाच भाकरी मोडली. प्राजूने सासूच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं, कमरेवर हात ठेवून जड अंगाने बापासमोर बसली आणि वाढायला लागली. एक चमचा, मग दुसरा. भात ताटाच्या कडेला आला. ती रडत होती आणि वाढत होती. साहेब "पुरे" म्हणत नव्हते.